एक बाजीराव, तीन कादंबऱ्या

ना. सं. इनामदार (1923–2002) यांच्या ‘झेप’, ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’ या कादंबऱ्या स्वतंत्र असल्या, तरी त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर व दुसरा बाजीराव या त्यांच्या नायकांचा काळ एकच आहे. प्रथमवाचनात वाचक प्रत्येक नायकाच्या पक्षात ओढला जातो. पुनर्वाचनात हे पक्ष परस्परांसमोर उभे राहतात. 1801 मध्ये बाजीरावाच्या हुकमाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले गेले. 1802 मध्ये यशवंतरावांनी पुणे जिंकले आणि पेशव्याने वसईचा तह केला. होळकरांच्या दृष्टीने जो अपराधी, त्याचीच बाजू ‘मंत्रावेगळा’ सहानुभूतीने मांडते. एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होतो काय, हा प्रश्न सुट्या वाचनात पडत नाही.

भिलाईच्या सेक्टर 2 मधील मराठी वाचकाला तो अधिकच जवळचा ठरावा. 1817 मध्ये सीताबर्डीला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि 1818 मध्ये छत्तीसगडचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. परंतु हा प्रदेश भोसल्यांकडे आला तोही 1741 च्या स्वारीनंतर, शस्त्रबळानेच. रतनपूरच्या हैहयवंशी राजांचाही एक पक्ष होता. तो या तिन्ही कादंबऱ्यांच्या कक्षेबाहेर राहतो.