आचाऱ्यांचे आचार्य झाले तेव्हा

माझ्या नव्या कादंबरीत एक लग्नघर आहे. त्यात मी लिहिले होते, ‘काकूंनी आचाऱ्यांना तूप जपून वापरा म्हणून दटावले.’ संगणकावरून छापून काढलेली प्रत हाती आली, तर काकू ‘आचार्यांना’ दटावत होत्या! घरातले हसून हसून लोळले. मला मात्र हसू येईना. पुढे चाळावे तो दऱ्यांचे दर्या झालेले. आडव्या काठीचा तो मराठी अर्धा ‘र’ पानापानांतून नाहीसा होऊन त्याच्या जागी रफार बसला होता.

ज्या प्रणालीवर मी लिहितो ती फुकट मिळते. जगभरातले लोक, बरेचसे हौसेने, ती घडवतात. म्हणजे भांडायला काउंटरच नाही. भाचा म्हणाला, ‘‘मामा, चिडून काय होणार? बग नोंदवा.’’ आणि त्याने मला त्यांचा ‘इश्यू ट्रॅकर’ उघडून दिला.

ती होती तक्रारवही! बँकेत आमच्याकडेही असे. पण ती साहेबांच्या खणात, आणि काही वर्षे तो साहेब मीच होतो. ग्राहकाने वही मागितली की ‘बसा हो, चहा घ्या’ म्हणायचे. वही कोरी, म्हणजे शाखा उत्तम!

इथे सारेच उलटे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, आणि ती कुणीही वाचावी. ‘डेबियन’ या प्रणालीच्या मंडळींनी तर १९९७ साली आपल्या जाहीरनाम्यातच कबूल केले, की आमच्या दोषांची नोंदवही सदैव सर्वांना खुली राहील. १९९८ मध्ये नेटस्केपने आपला ब्राउझर खुला केला, तेव्हा टेरी वाइसमन यांनी त्यासाठी ‘बगझिला’ नावाची अशी वही लिहिली. ती पुढे कितीतरी प्रकल्पांनी उचलली. मौजही चालते. ‘उबुंटू’च्या वहीतली पहिली तक्रार, मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली नोंदवलेली, अशी होती की बाजारात मायक्रोसॉफ्टचाच वरचष्मा आहे. मोबाइल आणि टॅब्लेटने चित्र पालटल्यावर २०१३ मध्ये त्यांनीच ती निकाली काढली. आमच्या उचंत खात्यातल्या काही नोंदी मात्र यापेक्षा दीर्घायुषी होत्या.

असो. मी लिहिले : ‘तुमच्या प्रणालीला मराठी येत नाही.’ दोन दिवसांनी कुणा परदेशी गृहस्थाचे उत्तर आले. राग नव्हता, तीन प्रश्न होते. तुम्ही क्रमाने काय केले? काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? शिवाय आवृत्ती कोणती, आणि दोष दिसेल एवढाच छोटा नमुना पाठवाल का? त्याला देवनागरीचे अक्षर ओळखता येत नव्हते. मी ओशाळलो. चारशे पानांतून दोन शब्द निवडले, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’. दोन्हींचे अर्थ लिहिले, आधीचे आणि नंतरचे चित्र जोडले.

मग उलगडा झाला. हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत टिंबाचा ‘ऱ’ लागतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. माझा कळफलक दुसरी रीत वापरी. मी दुसऱ्या प्रकारची फाइल साठवताना प्रणाली ते अदृश्य चिन्ह केर समजून झाडून टाकत होती.

चार दिवसांनी माझ्या तक्रारीवर शेरा पडला, ‘डुप्लिकेट’. मला तो अपमानच वाटला. पण तिला जोडलेली जुनी तक्रार उघडली, तर ती कुणा सिंहली लिहिणाऱ्याची, माझ्या आधी चार वर्षांची. सिंहलीतला ‘श्री’ याच चिन्हावाचून मोडतो. म्हणजे त्या माणसाला आपल्या देशाचे नावदेखील धड साठवता येत नव्हते. चार वर्षे तो एकटा, अधूनमधून ‘अजून आहे’ एवढेच नोंदवत होता. त्याखाली मी लिहिले, ‘मराठीतही आहे.’

आठ महिन्यांनी कुणा तिसऱ्यानेच दुरुस्ती केली. तपासा, असा निरोप आम्हा दोघांनाही आला. मी तपासून ‘बरोबर’ लिहिले, त्यानेही लिहिले. नोंद बंद झाली.

माझ्या कादंबरीत जे चिन्ह गळले ते मात्र गळलेच. एका आज्ञेत सगळे बदलून टाकू, असे भाचा म्हणाला. ते जमणार नव्हते, कारण त्या लग्नाला एक खरे आचार्यही आले आहेत. सध्या रोज वीस पाने हाताने तपासतो आहे.