विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी

सांध्यांची दुखणी ढोबळमानाने दोन जातींची असतात: झिजेची आणि दाहाची. झिजेचे दुखणे वापराने वाढते. दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी गुडघे बोलू लागतात आणि रात्री पाठ टेकली की शांत होतात. दाहाच्या दुखण्याचे वेळापत्रक नेमके उलटे. सांधे रात्रभर स्थिर राहिले की आखडतात, पहाटे तीन-चारला दुखण्यानेच जाग येते, उठल्यावर अर्धा तास, कधी दोन-दोन तास अंग मोकळे होत नाही. कामाला लागले, चार पावले चालले की मग हळूहळू सुटत जाते. दाहाच्या संधिवातांपैकी आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, लोकांना निदान नावाने ठाऊक असतो. कण्याला धरणारा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस मात्र वर्षानुवर्षे ओळखूच येत नाही. तो तरुणांना होतो, आणि पंचविशीतल्या मुलाची कंबर दुखली तर संधिवाताचा विचार कोणाच्याच मनात येत नाही.

हा आजार बहुधा पंधरा ते चाळीस या वयात सुरू होतो. पंचेचाळिशीनंतर तो प्रथमच दिसणे विरळा. पडल्याचे, लचक भरल्याचे काही निमित्त नसते. कंबरेच्या खालच्या भागात किंवा कुल्ल्यात खोलवर ठणका लागतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कूस बदलताना जाग येते. पडून राहिल्याने बरे वाटत नाही, चालल्याने वाटते. असे तीन महिन्यांहून अधिक चालले तर दाहाचा संशय घ्यायलाच हवा. आणखी एक खूण म्हणजे सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळीचा एक-दोन दिवसांत येणारा ठळक गुण. पण हीच खूण रुग्णाला चकवतेही. गोळीने भागते म्हणून तो औषधाच्या दुकानातूनच गोळ्या नेत राहतो. दरम्यान कोणी मणक्यात गॅप आहे म्हणते, कोणी नस दबली म्हणते. पट्टा बांधला जातो आणि सक्तीची विश्रांती सांगितली जाते, जी या आजारात अपायच करते. पहिले दुखणे आणि निदान यांत जगभर सरासरी पाच-सात वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ जातो.

दुखण्याचे मूळ असते कण्याच्या तळाशी. तिथले त्रिकोणी हाड दोन्ही बाजूंना कटीच्या रुंद हाडांशी जिथे जुळते, त्या सांध्यांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात. दाह सहसा तिथे सुरू होऊन कण्यातून वर चढतो. स्नायूंचे व सांध्यांचे बंध हाडाला जिथे चिकटतात, त्या जागा या आजाराच्या विशेष आवडीच्या. म्हणून कित्येकांची तक्रार टाचेपासून सुरू होते. बरगड्या छातीच्या हाडाला मिळतात तिथे दाह झाला की शिंकताना, खोल श्वास घेताना छातीत कळ येते आणि हृदयाच्या शंकेने इसीजी काढला जातो. दाहाने आधी हाड कुरतडले जाते आणि पुढे त्याच कडांवर नवे हाड धरते. दोन मणक्यांमधले असे पूल वाढत गेले की कणा सलग, कडक होतो. एक्सरेत तो बांबूसारखा दिसतो. प्रत्येक रुग्णाची गत अशी होत नाही. अनेकांचा आजार कटीच्या सांध्यांपलीकडे फारसा जात नाही. कोणाचा जाईल हे मात्र सुरुवातीला खात्रीने सांगता येत नाही.

कण्याचा ताठरपणा जोखायला डॉक्टरला फार साधने लागत नाहीत. कमरेच्या दोन खळ्यांच्या रेषेवर एक खूण आणि तिच्या दहा सेंटिमीटर वर दुसरी, एवढी तयारी करून रुग्णाला वाकायला सांगतात. निरोगी कण्यात हे अंतर पंधराच्या आसपास जाते. जेमतेम बारा-तेरा भरले तर कणा ताठरला आहे. टाचा आणि पाठ भिंतीला लावून डोके मागे टेकते का, खोल श्वास घेतल्यावर छाती किती फुगते, हेही टेपने मोजतात. प्रत्येक भेटीत या मोजमापांची नोंद ठेवली तर आजाराची चाल समजते.

रक्ततपासणीवर नको इतकी भिस्त ठेवली जाते. या आजारात आरए फॅक्टर ही आमवाताची चाचणी सहसा निगेटिव्ह येते, आणि तेवढ्यावरून ‘संधिवात नाही’ असा निर्वाळा मिळतो. दाह दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या चाचण्याही बऱ्याच रुग्णांत चक्क नॉर्मल असतात. एचएलए-बी२७ या जनुकाचा संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवला, आणि तेव्हापासून ही चाचणी प्रसिद्ध आहे. पण हे जनुक असणाऱ्या बहुसंख्य माणसांना आजार कधीच होत नाही. साधारण वीसांत एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. शिवाय जनुक नसतानाही आजार असू शकतो. म्हणून ही चाचणी लक्षणांच्या जोडीला ठेवायची, एकटीवर निदान करायचे नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला आजार असेल तर तिचे वजन वाढते.

एक्सरेत कटीच्या सांध्यांतले बदल उमटायला काही वर्षे लागतात. एमआरआयमध्ये हाडातली दाहाची सूज त्याआधीच दिसते. इथे एक व्यवहारातली चूक वारंवार होते. कंबर दुखते म्हणून कमरेच्या मणक्यांचा एमआरआय काढतात. त्यात सॅक्रोइलियाक सांधे पुरेसे येतच नाहीत. वर अहवालात मणक्यांमधली एखादी गादी किंचित फुगलेली निघते, जी काही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास सापडते, आणि सगळा दोष तिच्यावर जातो. दाहाचा संशय असेल तर त्या सांध्यांचाच एमआरआय स्पष्टपणे लिहून मागावा लागतो.

सांधे दाहाने दुखण्याची इतर कारणेही ध्यानात ठेवावी लागतात. आमवात बोटांच्या मुळांचे सांधे आणि मनगटे धरतो, बहुधा दोन्ही हातांची सारखीच. पुरुषांपेक्षा बायकांत तो दोन-तीन पट जास्त. सकाळी मूठ वळत नाही, कपडे पिळता येत नाहीत. त्यात आरए फॅक्टरपेक्षा अँटी-सीसीपी ही चाचणी अधिक विश्वासाची. डोक्यात सोरायसिसचे खवले, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आणि एखादे बोट अख्खे सुजलेले असेल तर तो सोरायसिसचा संधिवात; तोही कण्यात शिरू शकतो. महाराष्ट्रात २००६ च्या साथीपासून चिकुनगुन्या परिचित झाला. त्यानंतर महिनोन्‌महिने राहणारी सांधेदुखी हुबेहूब आमवातासारखी दिसते, म्हणून आधी ताप येऊन गेला का हे विचारावे. कण्याचा क्षय तर आपल्याकडे कधीच विसरता येत नाही. ताप, उतरते वजन, एकाच जागी सतत वाढती वेदना, पायांतली कमजोरी, लघवीवरचा ताबा जाणे यांपैकी काहीही असेल तर तपासणी तातडीची.

अर्थात प्रत्येक दुखरी कंबर संधिवाताची नसते. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यातील भिगवण इथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या घरोघरच्या पाहणीत बहुतेक दुखणी झिजेची आणि स्नायूंचीच निघाली. दाहाचे रुग्ण तुलनेने थोडे. पण वेळ दवडल्याची सर्वात जास्त किंमत तेच मोजतात.

डोळ्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. कण्याच्या या संधिवातात चारांतल्या एकाला तरी कधी ना कधी युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह होतो. एकच डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही, अंधूक दिसते. चिपडे मात्र येत नाहीत. ‘डोळे आले’ समजून घरगुती थेंब घालत बसले तर दृष्टीला धोका पोचतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

उपचारात व्यायामाला औषधाइतकाच मान आहे. कणा मागे ताणणारे व्यायाम, खोल श्वसन आणि जमेल तिथे पोहणे रोज व्हावे. उशी पातळ असावी आणि थोडा वेळ पालथे पडावे, म्हणजे पोक धरत नाही. धूम्रपानाने कणा जुळण्याचा वेग वाढतो. औषधांत पहिली पायरी नॅप्रॉक्सेन, इंडोमेथॅसिन, एटोरिकॉक्सिब अशा दाहशामक गोळ्यांची, पूर्ण मात्रेत, जठर, मूत्रपिंड व रक्तदाबावर लक्ष ठेवून. एक गोळी दोन-चार आठवडे घेऊन लागू पडली नाही तर दुसरी. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे मुख्य औषध; या औषधाच्या जन्मामागे आंध्रातल्या भीमावरमचे जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे काम आहे. कण्याच्या दुखण्यावर मात्र मेथोट्रेक्सेटचा उपयोग नाही. आमवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर रक्तपेशी धोकादायक पातळीवर उतरतात, म्हणून ठरलेला वार घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी माहीत असावा. गरोदरपणात ते चालत नाही. पोटातून दीर्घकाळ स्टिरॉइड देणे कण्याच्या आजारात टाळतात. ज्या निनावी पुड्यांनी एका रात्रीत गुण येतो, त्यांत बरेचदा स्टिरॉइडच मिसळलेले असते.

गोळ्यांनी भागले नाही तर जैविक औषधे असतात. दाह पेटता ठेवणारे टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-१७ हे रेणू ती अडवतात. ही इंजेक्शने महाग. टीएनएफ अडवणाऱ्या अॅडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आली, आणि त्यानंतर खर्च पुष्कळ उतरला असला तरी सामान्य कुटुंबाला तो अजून जडच जातो. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या हा आणखी एक पर्याय. ही औषधे सुरू करण्याआधी दडलेला क्षय, हिपॅटायटिस बी आणि सी तपासावेच लागतात. सुप्त क्षय सापडला तर आधी त्याचे प्रतिबंधक औषध चालू करतात, नाहीतर तो उसळतो. बरे वाटले म्हणून इंजेक्शन आपल्या मनाने थांबवले तर आजार बहुतेकदा परततो. मात्रा कमी करायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू.

जुळलेला कणा ठिसूळ असतो. न्हाणीघरात घसरण्यासारख्या किरकोळ पडण्यानेही मणका मोडू शकतो, आणि तो मोड साध्या एक्सरेत कधी कधी दिसत नाही. म्हणून पडल्यानंतर नवे दुखणे लागले तर सीटी स्कॅन करून घ्यावा. केस कापल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेण्याची सवय या रुग्णांनी पूर्ण सोडावी. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला आजार सांगावा, कारण ताठ मानेमुळे श्वासनलिकेत नळी घालणे आणि जुळलेल्या कण्यात सुई घालणे, दोन्ही अवघड असते. खुब्याचा सांधा निकामी झालेल्या, मांडी घालणे तर सोडाच, खुर्चीत बसणेही अशक्य झालेल्या तरुणालाही कृत्रिम सांधा बसवून चालते-फिरते करता येते. फारच वाकलेला कणा सरळ करण्याची शस्त्रक्रियाही होते, पण ती मोठी आणि जोखमीची असल्याने मोजक्याच रुग्णांत, मोजक्या केंद्रांत केली जाते.