‘चयापचय’ आणि ‘रक्तक्षय’

‘चयापचय’ ही संज्ञा ‘चय’ व ‘अपचय’ या पदांच्या द्वंद्व समासाने सिद्ध झाली आहे. शरीरातील घडण आणि विघटन, दोन्ही क्रिया तीत समाविष्ट होतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास हा भेद किती मोलाचा आहे, हे मुंबईतील एका संशोधनावरून दिसून येते.

काळाचौकी-परळ हा पूर्वी कापडगिरण्यांचा भाग होता. येथील हाफकिन संस्थेत ल्यूसी विल्स यांनी १९२८ साली गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांच्या, पांडुरोगाचा अभ्यास आरंभिला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये पालकातून ते वेगळे काढण्यात आले आणि लॅटिनमधील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास ‘फोलिक आम्ल’ हे नाव मिळाले.

फोलेटवाचून डीएनएची घडण अडते. मज्जेतील पेशी आकाराने वाढतात, परंतु यथाकाल विभागत नाहीत. मूळ दोष चयाचा आहे. लोह देऊन तो जात नाही. ‘पांडुरोग’ हा शब्द केवळ वर्ण सांगतो, ‘रक्तक्षय’ हा ऱ्हास सुचवितो. घडण खुंटल्याचे मात्र दोहोंपैकी एकही सांगत नाही. म्हणून विद्यार्थ्याने संज्ञेवर न थांबता रुग्णेच्या आहाराची विचारपूस केली पाहिजे.