भरलेली ट्रॉली आणि शहराचा वळसा

शेतमाल बाजारात नेण्याविषयी लिहिताना प्रतवारी, गोणी, तोलाई व आडत यांचा विचार नेहमी केला जातो. माल ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, कांदा भरला आणि सर्वांत रुंद रस्ता धरला की काम झाले, अशी आपली समजूत असते. मोटारगाडीच्या बाबतीत ही समजूत बहुतांशी चालून जाते. चाळीस क्विंटलपर्यंत माल ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ती चालत नाही. पुष्कळदा माल उशिरा पोहोचून लिलाव चुकतो तो याच कारणाने, आणि अपघात होतात तेही याच कारणाने.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन विचार केल्यास विषय स्पष्ट होईल. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातील एका शेतकऱ्यास आपला उन्हाळ कांदा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत न्यावयाचा आहे, असे समजू. सिन्नर व नांदूर शिंगोटे येथे बाजार आहेतच. परंतु समजा, पिंपळगावी क्विंटलमागे शंभर रुपये अधिक मिळण्याची आशा आहे आणि ट्रॉलीत तीस क्विंटल माल आहे, तर तीन हजार रुपयांसाठी जावे असे कोणासही वाटेल. या तीन हजारांतून जाण्यायेण्याचे डिझेल, चालकाची मजुरी व एका दिवसाचा खोळंबा वजा करावा लागतो, हे हिशेबात प्रथम धरावे. डिझेल किलोमीटरवर न मोजता तासावर मोजावे, कारण शहराच्या गर्दीत उभा असलेला ट्रॅक्टरही इंधन खातच असतो.

आता रस्त्याकडे वळू. सरळ दिसणारा मार्ग असा : सिन्नरहून पुणे-नाशिक महामार्गाने मोहदरी घाट उतरून नाशिकरोड, तेथून द्वारका चौक, तेथे मुंबई-आग्रा महामार्गास लागून आडगाव व ओझरवरून पिंपळगाव. सिन्नर ते नाशिक सुमारे 30 किलोमीटर व नाशिक ते पिंपळगाव सुमारे तितकेच, म्हणजे एकूण 60 किलोमीटर होतात. भरलेली ट्रॉली ताशी 18 किलोमीटर या सुरक्षित वेगाने चालविल्यास मोकळ्या रस्त्यावर तीन तास वीस मिनिटे लागावीत. पण रस्ता मोकळा नसतो. नाशिकरोडपासून आडगावपर्यंत पुण्याकडून येणारी, मुंबई व धुळ्याकडे जाणारी आणि खुद्द शहरातील अशी सर्व वाहने एकत्र येतात, आणि द्वारका चौकात तर दोन महामार्गांची गाठच पडते. सकाळी नऊच्या सुमारास येथे सापडलेली ट्रॉली किती वेळाने सुटेल याचा अंदाज देणे कठीण आहे. शिवाय शहरांतील पोलीस ठराविक वेळांत जड व संथ वाहनांना काही रस्त्यांवर प्रवेशबंदी करीत असतात. या वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांची चौकशी करणे आवश्यक आहे.

खोळंब्यापेक्षाही महत्त्वाची बाब वजनाची आहे. तीस क्विंटल कांदा व ट्रॉलीचे स्वतःचे वजन मिळून भार सुमारे साडेचार टन होतो, तर तो ओढणारा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो. म्हणजे पुढच्यापेक्षा मागचा दुपटीहून जड. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, असले तरी ते जोडलेले नसतात. अशा स्थितीत ट्रॅक्टरने ब्रेक लावला तरी ट्रॉली थांबू इच्छीत नाही. ती ट्रॅक्टरला पुढे रेटते, आणि रस्ता ओला असेल किंवा चाके थोडी वळलेली असतील तर त्याला आडवा करते. ताशी 18 किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर एका सेकंदात 5 मीटर जातो, ताशी 27 किलोमीटरने साडेसात मीटर. परंतु थांबविण्यासाठी जी शक्ती जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून वेग दीडपट झाला की ती सव्वादोनपट होते. शहरात दर शंभर पावलांवर रिक्षा आडवी येते किंवा दुचाकी घुसते. अशा रस्त्यावर ही ट्रॉली न्यावी की नाही, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

वळणाचाही विचार करावा. ट्रॅक्टर वळताना ट्रॉलीची चाके त्याच्या चाकोरीतून जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूस कापीत जातात. चालक मोठा वळसा घेण्यासाठी ट्रॅक्टर उजवीकडे घेतो, डावीकडे मोकळी जागा दिसते, आणि दुचाकीस्वार नेमका त्या जागेत शिरतो. काही क्षणांनी ट्रॉलीचे चाक तीच जागा व्यापणार असते हे त्यास ठाऊक नसते. म्हणून मार्ग ठरविताना चौक किती हे मोजावे, त्यातही काटकोनात डावीकडे वळावयाचे चौक किती हे विशेषेकरून मोजावे. ट्रॉली चार चाकी असेल तर ती मागे घेणे हे मोठे कौशल्याचे काम आहे. ज्या गल्लीतून वळून परत येता येणार नाही तीत शिरूच नये.

यावर एक उपाय पुष्कळांच्या मनात येईल. सिन्नर तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग जातो, मग त्याचा उपयोग का करू नये? त्या मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांप्रमाणेच ट्रॅक्टरलाही मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. जेथे मोटारी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात, तेथे 18 किलोमीटरने चालणारी ट्रॉली म्हणजे रस्त्यात उभा केलेला दगडच होय.

मग उरतो तो शहराला वळसा घालून जाणारा मार्ग. सिन्नरहून नायगावमार्गे सायखेडा गाठावे, तेथे गोदावरी ओलांडून चांदोरीस नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्ता छेदावा, आणि उत्तरेस कसबे सुकेण्याच्या बाजूने पिंपळगावी जावे. या मार्गाने नाशिक शहर पूर्णपणे टळते, मोहदरी घाट टळतो, व आग्रा महामार्गावर फारसे चालावे लागत नाही. रस्ता अरुंद आहे, गावांतून जातो, आणि ऊस व द्राक्षांच्या हंगामात त्यावर इतरही ट्रॅक्टर असतात. तरीही भरलेल्या ट्रॉलीसाठी मी स्वतः हाच मार्ग पसंत करीन. येथे सर्वच वाहने बेताने चालतात, आणि थांबण्याची वेळ आलीच तर बाजूस जागा मिळते.

परंतु हा मार्ग बाराही महिने खुला असेल असे गृहीत धरणे चुकीचे होईल. गंगापूर व दारणा धरणांतून पाणी सोडले की चांदोरी-सायखेडा भागास त्याचा उपद्रव लवकर होतो. ऑगस्ट 2019 मधील पुरात ही गावे पाण्याने वेढली गेली होती, हे त्या भागातील लोक विसरलेले नाहीत. नदीतून वाहत येणाऱ्या पाणवेली सायखेड्याच्या पुलाला अडकतात व पाण्याचा फुगवटा वाढतो. चाळीतील उन्हाळ कांदा तर ऑगस्ट-सप्टेंबरातही बाजारात जात असतो. म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी धरणाच्या विसर्गाची बातमी घ्यावी आणि सायखेड्यातील कोणा परिचितास दूरध्वनी करून पूल खुला आहे का हे विचारावे. पुलावरून पाणी वाहत असेल तर ‘दुसरे गेले, मीही जातो’ हा विचार मनातही आणू नये. पाण्याखाली पुलाचा कठडा आहे की नाही, डांबर आहे की वाहून गेले, हे वरून दिसत नाही.

यात आणखी एक पेच आहे. 2027 सालच्या पावसाळ्यात नाशिक येथे सिंहस्थ कुंभमेळ्याची प्रमुख पर्वस्नाने आहेत. त्या दिवसांत शहरातून ट्रॉली नेण्याचा विचार करणेही व्यर्थ आहे, आणि वळशाच्या मार्गावरील नदीला पाणी येण्याचाही तोच काळ आहे. ज्यांच्याकडे त्या हंगामात कांदा साठवलेला असेल त्यांनी पर्वस्नानांच्या तारखा पाहून त्याच्या बऱ्याच आधी माल हलवावा, किंवा त्या आठवड्यापुरता सिन्नरचाच बाजार धरावा. थोडा कमी भाव पत्करणे हे दोन दिवस रस्त्यात कांदा भिजविण्यापेक्षा बरे.

वेळेची निवड हा मार्गनिवडीचाच भाग आहे. पुष्कळ शेतकरी पहाटे दोन-तीन वाजता निघतात, म्हणजे शहर जागे होण्यापूर्वी पार होते व सकाळच्या लिलावास गाठ पडते. हिशेब बरोबर आहे, परंतु त्यामुळे घाट व महामार्ग दोन्ही अंधारात येतात. ताशी 60 किलोमीटरने येणारा ट्रक व 18 किलोमीटरने चालणारी ट्रॉली यांच्यातील अंतर सेकंदाला जवळजवळ 12 मीटरने कमी होते. मागचा दिवा नसलेली ट्रॉली ट्रकचालकास 60 मीटरवर दिसली, तर त्याच्या हाती अवघी पाच सेकंदे राहतात, आणि त्यातील एक-दोन ओळखण्यातच जातात. म्हणून माझी शिफारस अशी की दुपारी जेवण करून निघावे, वळशाच्या मार्गाने तीन-साडेतीन तासांत दिवसाउजेडी बाजाराच्या आवारात पोहोचावे व रात्र तेथेच काढावी. एक मुक्काम पडतो हे खरे. पण सकाळी रांगेत जागा मिळते, चालकाची झोप होते, आणि ताडपत्री घातलेला कांदा रात्रीच्या थंड हवेत खराब होत नाही.

अंधारात जाणे अटळच असेल तर ट्रॉलीच्या मागे दोन्ही टोकांस लाल परावर्तक पट्ट्या, ज्यांना बोलीत रेडियम म्हणतात त्या, असल्याच पाहिजेत, व मागचा दिवा जळता पाहिजे. पट्टी एकाच बाजूस असेल तर मागच्या चालकास ती दुचाकी वाटते. ट्रॉली पंक्चर झाल्यास चाकाखाली दगड लावतात ते ठीक, पण काम झाल्यावर ते दगड तसेच रस्त्यावर टाकून जाण्याची जी पद्धत आहे ती अत्यंत निषेधार्ह आहे. त्याच रात्री त्या दगडावरून कोणाची तरी दुचाकी जाणार असते.

उताराविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण सिन्नरचा भाग उंचावर व गोदाकाठ सखल असल्याने कोणत्याही मार्गाने गेले तरी भरलेली ट्रॉली उतरणीवरच चालते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतरणीत गिअर न्यूट्रल करून डिझेल वाचविणे हा शुद्ध अविचार होय. रस्त्यावर चालताना दोन्ही ब्रेकची पावटी एकमेकांस जोडलेली असावीत. शेतात वळण्यासाठी सोडलेली कडी तशीच राहिली तर एकच चाक थांबते व ट्रॅक्टर फिरतो. केवळ ट्रॅक्टरच नव्हे, तर मोठी वाहनेही उतारावर कशी हाताबाहेर जातात याचे उदाहरण पुण्याच्या वळणमार्गावर आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका मोठ्या मालवाहू वाहनाने सुमारे 48 वाहनांना धडक दिली. तो रस्ता शहर टाळण्यासाठीच बांधलेला आहे. तेव्हा वळणमार्ग म्हटला म्हणजे तो आपोआप सुरक्षित, असे नव्हे.

चांदोरीच्या उत्तरेस रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. ओलांडण्याच्या जागी फाटक असेल तर भरलेली ट्रॉली रुळांवर गिअर बदलावयाची नाही हा नियम पाळावा. ट्रॅक्टर व एक ट्रॉली मिळून आठ-नऊ मीटर लांबी होते. ताशी 8 किलोमीटरने एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत संपूर्ण ट्रॉली बाहेर पडण्यास दहा-अकरा सेकंदे लागतात. पलीकडे तितकी जागा रिकामी दिसल्याशिवाय आत शिरू नये. रेल्वेखालून भुयारी मार्ग असल्यास पावसाचे पाणी साचते का व ताडपत्रीसह आपली उंची त्यात बसते का, हे रिकाम्या ट्रॉलीने जाऊन एकदा पाहून ठेवावे.

अलीकडे मोबाइलवरील नकाशा पाहून जाण्याची सवय सर्वत्र झाली आहे. नकाशा उपयुक्त आहे, परंतु तो मोटारीसाठी बेतलेला असतो. आपल्यामागे साडेचार टन वजन आहे हे त्यास माहीत नसते, आणि तो दाखवितो तो वेळ ट्रॉलीसाठी तिपटीने धरावा लागतो. दोन मिनिटे वाचविण्यासाठी तो खुशाल एखाद्या बोळातून जाण्यास सांगतो. यासाठी गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी एक काम हाती घ्यावे. गावातील दोन अनुभवी ट्रॅक्टरचालकांस बरोबर घेऊन दुचाकीवरून बाजारापर्यंतचा वळशाचा मार्ग एकदा पाहावा आणि अरुंद पूल, खोल मोरी, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा, आठवडेबाजाराची गावे व त्यांचे वार, थांबण्यायोग्य मोकळ्या जागा यांची नोंद करून साधा हातनकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. शाळेतील मुलेही असा नकाशा उत्तम काढतात. हंगामापूर्वी तो एकदा तपासला म्हणजे पुरे. त्याच वेळी ट्रॅक्टरप्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी व विमा आहे का, हे विचारून घ्यावे. विमा फक्त ट्रॅक्टरचा काढलेला असतो, असे अनेकदा अपघातानंतरच कळते.

परतीच्या प्रवासाविषयी दोन शब्द. माल विकला गेलेला असतो, हातात पैसे असतात, ट्रॉली रिकामी असते, आणि चालक वेग वाढवितो. रिकामी ट्रॉली खड्ड्यांवर उड्या मारते व त्या हादऱ्यांनी हुकाची पिन वर सरकते. पिनेच्या खालच्या छिद्रात लोखंडी काटपिन घालावी, तेथे तार किंवा सुतळी चालत नाही. आणि कोणी ओळखीचा भेटला तरी त्यास ट्रॉलीत बसवून आणू नये.