अमेरिकेंतील बंदुकांचे बाजार : मोडीचा भाव व जाणत्याचा सौदा

जुन्या वस्तूंचा बाजार म्हणजे माणसाच्या पारखीची परीक्षाच होय. नव्या दुकानांत वस्तूवर किंमत लिहिलेली असते. गिऱ्हाइकानें फक्त पैसे मोजावयाचे असतात. जुन्या बाजारांत मात्र किंमत ठरते ती विकणाऱ्याच्या गरजेवर, घेणाऱ्याच्या डोळ्यावर व दोघांच्याहि ज्ञानावर. पुण्याच्या जुन्या बाजारांत पितळी समई उलटून पाहणारा गृहस्थ, मुंबईच्या चोरबाजारांत घड्याळ कानाशीं धरणारा शोकीन, आणि अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत तुल्सा शहरीं एखादी जुनी रायफल उजेडाकडे धरून तिच्या नळींतून पाहणारा शेतकरी, हे तिघेहि एकाच पंथाचे वारकरी होत. पहिल्या दोघांचा परिचय आपल्या वाचकांस आहेच. तिसऱ्याच्या बाजाराची हकीकत येथें सांगावयाची आहे. आज आपल्यांतील कित्येक घरांतील मुलें, भाचे, पुतणे शिक्षणास वा नोकरीस त्या देशीं आहेत; तेव्हां ही हकीकत केवळ दूरदेशची करमणूक म्हणून वाचण्याजोगी नाहीं.

या बाजारास तिकडे 'गन शो' म्हणतात. बहुधा शनिवार-रविवारीं, जत्रेच्या मैदानावरील एखाद्या प्रशस्त दालनांत तो भरतो. भरवणारा विक्रेत्यांस टेबलें भाड्यानें देतो व प्रेक्षकांकडून दारावर प्रवेशशुल्क घेतो. तुल्साचा बाजार वर्षांतून दोनदां भरतो. त्यांत चार हजारांहून अधिक टेबलें मांडलेलीं असतात, आणि जगांतील सर्वांत मोठा बाजार आपलाच, असें तो म्हणवून घेतो. टेबलांवर नुसत्या बंदुकाच असतात असें नाहीं. चाकू, संगिनी, कातडी पट्टे, लष्करी शिरस्त्राणें, पदकें, जुनीं पुस्तकें, काडतुसांच्या पेट्या, इतकेंच काय पण वाळवलेल्या मांसाच्या पुड्याहि तेथें विकावयास येतात. विक्रेते दोन प्रकारचे असतात. एक सरकारी परवान्याचे व्यापारी, व दुसरे आपल्या संग्रहांतील चार-दोन वस्तु घेऊन बसलेले खासगी लोक.

हे बाजार फोफावले कसे, हें थोडें पाहूं. १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी यांचा खून ज्या रायफलीनें झाला, ती टपालानें मागविलेली होती. पुढें १९६८ च्या कायद्यानें गिऱ्हाइकास परस्पर टपालानें दुसऱ्या संस्थानांतून बंदूक मागविणें बंद झालें. हौशी माणसास चार निरनिराळ्या वस्तु हातीं घेऊन पाहावयाच्या तर एके ठिकाणीं जमणें प्राप्त झालें. नंतर १९८६ च्या कायद्यानें परवानेदार व्यापाऱ्यांस आपापल्या संस्थानांतील अशा बाजारांत विक्री करण्याची स्पष्ट मोकळीक दिली, आणि बाजारांचें पेव फुटलें.

आतां त्याच बाजारांस उतरती कळा लागली आहे, अशी जुन्या संग्राहकांची तक्रार ऐकूं येते. ती खोटी नव्हे. पहिलें कारण इंटरनेट. १९९९ सालीं 'गनब्रोकर' ही लिलावपेढी इंटरनेटवर सुरू झाली. तेव्हांपासून कोणती वस्तु काल केवढ्याला गेली, हें खेड्यांतल्या विक्रेत्यासहि घरबसल्या कळूं लागलें. पूर्वीं अज्ञानामुळें स्वस्त मिळे तें आतां मिळेनासें झालें. उलट पुष्कळ विक्रेते लिलावांतील सर्वांत चढी किंमत तेवढी लक्षांत ठेवतात आणि मोडक्या वस्तूसहि तीच मागतात.

दुसरें कारण मालाचा तुटवडा. रशियाची 'मोसिन-नागान' ही लष्करी रायफल कोट्यवधि संख्येनें तयार झाली होती. या शतकाच्या आरंभीं ती अमेरिकेंत शंभर डॉलरच्या आंत सहज मिळे. युरोपांतील कोठारें रिकामीं झालीं, महायुद्धोत्तर सांठ्यांचाहि तळ दिसूं लागला, आणि २०२१ पासून अमेरिकी सरकारनें रशियन शस्त्रांच्या आयातीस नवे परवाने देणें थांबविलें. तीच रायफल आतां कित्येक पटींनीं महाग झाली आहे. तिसरें कारण जागेचें. कॅलिफोर्नियांत २०२२ सालच्या कायद्यानें संस्थानाच्या मालकीच्या जागांवर बंदुकांच्या विक्रीस बंदी केली, व २०२४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें अशी बंदी उचलून धरली. त्यांत २०२० च्या महामारीनें कित्येक बाजार महिनोगणती बंद राहिले. अशा रीतीनें जेथें पूर्वीं संग्राहकांच्या रांगा, तेथें आज कित्येक टेबलांवर स्वस्त चाकू, फलक व टोप्या दिसतात.

मग तेथें जाण्यांत अर्थ तो कोणता? अर्थ आहे, पण तो बदलला आहे. ज्या वस्तूची किंमत छायाचित्रावरून सांगतां येते तिच्यांत आतां सौदा उरलेला नाहीं. जिची किंमत हातीं घेतल्यावांचून कळत नाहीं, तिच्यांतच तो उरला आहे. पूर्वीं हा बाजार नशिबाचा होता; आज तो अभ्यासाचा आहे.

उदाहरणार्थ, 'विंचेस्टर' कारखान्याच्या जुन्या रायफली घ्या. १९६४ सालीं खर्च वाचविण्यासाठीं त्या कारखान्यानें आपल्या कृतींत फेरफार केले. कोरून घडविलेल्या कांहीं भागांच्या जागीं ठोकून काढलेले पत्र्याचे भाग आले. तेव्हांपासून त्या सालापूर्वींच्या मालास अधिक मान आहे. ज्यास अनुक्रमांकावरून साल ओळखतां येतें, तो टेबलावरील दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतून बरोबर एक उचलतो. दुसरी गोष्ट झिलईची. आपल्याकडे जुन्या दगडी मूर्तीस कोणी तैलरंग फासला तर जाणता माणूस हळहळतो. बंदुकीचेंहि तसेंच आहे. नवी झिलई दिलेली चकचकीत बंदूक नवशिक्यास मोहविते. परंतु कोपरे गुळगुळीत झालेले, ठशांचीं अक्षरें पुसट झालेलीं व मळसूत्रांचीं डोकीं कुरतडलेलीं दिसलीं कीं जाणत्यास कळतें, येथें कानस फिरली आहे. झिजलेली पण अस्सल वस्तु त्यास अधिक प्रिय. तिसरी गोष्ट आयातीच्या ठशाची. १९६८ नंतर परदेशांतून आलेल्या बंदुकीवर आयात करणाराचें नांव कोरावें लागतें. तेव्हां दुसऱ्या महायुद्धांतून सैनिकानें स्वतः आणलेली म्हणून जी सांगितली जाते, तिच्यावर तसा ठसा आढळला तर कथा तेथेंच संपते. वस्तु विकत घ्यावी, कथा घेऊं नये, असें तिकडील संग्राहक नवशिक्यांस सांगत असतात.

याखेरीज ज्यांकडे गर्दीचें लक्ष नसतें अशा वस्तूंत अद्यापि लाभ आहे. जुन्या एकनळी शिकारी बंदुका, हल्लीं फारसे न चालणाऱ्या मापाच्या रायफली, सुटे भाग, मूळचे पट्टे, संगिनी, कारखान्याच्या मूळ पेट्या व माहितीपत्रकें यांस पाठवणावळ जड पडते किंवा छायाचित्रांत तीं उठून दिसत नाहींत. म्हणून त्यांचे भाव टेबलावरच ठरतात. दुर्मिळ वस्तूसाठीं पहिल्या दिवशीं दार उघडतांच जावें, आणि साधी वस्तु स्वस्त हवी असेल तर रविवारीं दुपारीं जावें. कारण जड पेट्या पुन्हां गाडींत भरण्यापेक्षां चार पैसे कमी घेणें विक्रेत्यास बरें वाटतें. मंडईंत संध्याकाळीं भाजी कां उतरते, हें ज्या गृहिणीस ठाऊक आहे तिला हें निराळें सांगावयास नको.

या टेबलांवर कधीं कधीं आपल्या देशाचेंहि नांव कोरलेलें दिसतें, हें वाचून वाचकांस नवल वाटेल. कलकत्त्याजवळील ईशापूर येथील सरकारी कारखान्याच्या रायफली जुना लष्करी माल म्हणून अमेरिकेंत गेल्या आहेत. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धानंतर या कारखान्यानें जुन्या 'ली-एन्फील्ड' धर्तीवर, परंतु ७.६२ मिलिमीटर मापाच्या नव्या काडतुसासाठीं, एक रायफल तयार केली. जुनी '.३०३' व ही नवी, दिसावयास बहिणी-बहिणी. पण एकीचें काडतूस दुसरीस चालत नाहीं. शिवाय पोलिसांसाठीं व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठीं कांहीं जुन्या रायफलींच्या नळ्या पोखरून त्यांच्या एकबारी छऱ्याच्या बंदुका केलेल्या असत; त्याहि तेथें येतात. ज्यास हा इतिहास माहीत नाहीं तो माप न पाहतां घेतो आणि प्रसंगीं जीव धोक्यांत घालतो. स्वस्त मिळालेली अनोळखी बंदूक जाणत्या कारागिरास दाखविल्यावांचून कधींहि उडवूं नये, हा पहिला नियम.

दुसरा नियम कायद्याचा, आणि तो आपल्या मुलांच्या विशेष कामाचा. विद्यार्थी म्हणून किंवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसास बंदूक वा काडतुसें बाळगण्यास अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यानें सामान्यतः मनाई आहे. शिकारीचा रीतसर परवाना असण्यासारखे कांहीं थोडे अपवाद आहेत. पण अपवादाच्या आधारावर हौस करूं नये. १८९८ किंवा तत्पूर्वीं बनलेली बंदूक त्या कायद्यानें पुराणवस्तु समजली जाते. तरी निरनिराळ्या संस्थानांचे नियम निराळे असतात. बाजार पाहावयास जाण्यास हरकत नाहीं. मित्राच्या आग्रहास्तव टेबलावरील वस्तु विकत घेणें मात्र भविष्य बिघडविणारें ठरेल. तसेंच तेथील एखादें जिवंत काडतूस गंमत म्हणून पेटींत टाकून कोणी मायदेशीं येऊं नये. आपल्याकडे १९५९ चा शस्त्रकायदा आहे, आणि विमानतळावर असें एक काडतूस सांपडल्यानेंहि माणूस अडचणींत येतो.

आतां या बाजारासंबंधींच्या सर्वांत मोठ्या वादाकडे वळूं. परवानेदार व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासून घेतलीच पाहिजे. त्यासाठींची तात्काळ चौकशीची व्यवस्था नोव्हेंबर १९९८ पासून चालूं आहे. परंतु खासगी विक्रेत्यावर मध्यवर्ती कायद्याचें तसें बंधन नाहीं. कांहीं संस्थानांनीं तें घातलें आहे, पुष्कळांनीं घातलेलें नाहीं. यावर तेथें वर्षानुवर्षें कडाक्याचा वाद चालला आहे. एक पक्ष म्हणतो, या फटींतून नको त्या हातीं शस्त्र जातें. दुसरा म्हणतो, दोन शेजाऱ्यांच्या व्यवहारांत सरकारनें कां पडावें? वाद राहो, पण सुज्ञ विक्रेता कायदा सांगो वा न सांगो, गिऱ्हाइकाचें ओळखपत्र पाहतो, आणि घाईनें रोख पैसे पुढें करून प्रश्न टाळणाऱ्यास परत पाठवितो. समई चुकीच्या घरीं गेली तर फार तर ती अडगळींत पडेल; शस्त्र चुकीच्या हातीं गेलें तर त्याचें मोल तिसराच कोणी देतो. म्हणून येथें स्वस्ताईपेक्षां सावधगिरी मोठी.

सौद्याच्या नीतीचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो बंदुकींपुरताच नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या पिढीनें हौसेनें संग्रह केले, ती पिढी आतां मावळली आहे. तिचे संग्रह वारसांच्या हातीं येतात. समजा, एखादी वृद्ध विधवा पतीच्या पेटींतील वस्तु घेऊन टेबलाशीं येते. तिला त्यांची किंमत ठाऊक नसते. त्या लवकर घराबाहेर जाव्यात, एवढीच तिची इच्छा असते. समोरच्या जाणत्यास एका दृष्टिक्षेपांत कळतें कीं, ती पन्नास मागते त्या वस्तूची किंमत पांचशें आहे. हाच खरा कसोटीचा क्षण. आपल्या अभ्यासानें गर्दींतून अस्सल वस्तु हुडकणें व व्यापाऱ्याशीं घासाघीस करणें, हा चातुर्याचा सौदा. शोकांत असलेल्या अजाण माणसाच्या अज्ञानावर पैसा करणें, हें दुसरें कांहींतरी आहे. त्यास सौदा म्हणूं नये. जो संग्राहक तिला खरी किंमत सांगतो व मग रास्त भावानें मागतो, त्याच्याकडे पुढल्या वर्षीं दुसरा वारस आपण होऊन येतो. उतरत्या बाजारांत नांवलौकिक हें सर्वांत मोठें भांडवल आहे, हें तेथील जुने लोक चांगलें ओळखून आहेत.

वारसांनींहि थोडी दक्षता घ्यावी. तिकडे किंमतींचीं जाड पुस्तकें वर्षानुवर्षें निघत आलीं आहेत. 'ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज' हें त्यांतील सुप्रसिद्ध, आणि पुरातन अमेरिकी बंदुकांसाठीं फ्लेडरमन यांचा १९७७ सालीं प्रथम निघालेला ग्रंथ प्रमाण मानतात. शहाणे संग्राहक आपल्या हयातींतच प्रत्येक वस्तूची यादी करून ठेवतात : कोठून घेतली, कितीला घेतली, विकावयाची तर कोणास विचारावें. एवढ्या एका वहीनें कित्येक घरांचें नुकसान टळेल.

आपल्याकडे दसऱ्यास शस्त्रांची व हत्यारांची पूजा होते, आणि दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना आजोबांच्या वेळचीं भांडीं, पोथ्या, अडकित्ते, क्वचित् एखादी गंजलेली तलवार खालीं येते. त्यांतलें बरेंचसें वजनावर, मोडीच्या भावानें जातें, किंवा बोहारणीच्या पाटींत पडतें. अशा वेळीं घरांतील वडील मंडळींनीं मुलांस जवळ बसवून वस्तूची हकीकत सांगावी व ती एका वहींत लिहून ठेवावी. तलवार असेल तर तिला परवाना लागतो कीं काय, याची चौकशी प्रथम करावी. वस्तु विकणें वाईट नाहीं. ती न ओळखतां विकणें वाईट.