भिंत पाडलेलं चर्च

समजा, तुमच्या शाळेला नवी इमारत मिळाली. चांगली दणकट, काँक्रीटची. आणि नऊच वर्षांनी मुख्याध्यापक म्हणाले, "पुढची भिंत पाडून टाका!" तुम्ही चाटच पडाल ना? पालक तर म्हणतील, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?

पण फ्रान्समधल्या तेझे नावाच्या खेड्यात हे खरोखर घडलं आहे. १९७१ सालच्या ईस्टरला तिथल्या चर्चची दर्शनी भिंत पाडली आणि तिच्या जागी सर्कशीचा असतो तसला मोठा तंबू जोडला. का, ते सांगते. पण त्यासाठी आधी सायकलवरून आलेल्या एका तरुणाला भेटायला हवं.

त्याचं नाव रॉजर. जन्म १९१५ चा, स्वित्झर्लंडमधला. वडील प्रोटेस्टंट धर्मगुरू. तुम्हाला ठाऊक असेल, सोळाव्या शतकात युरोपातल्या ख्रिस्ती लोकांत फूट पडली. कॅथलिक एकीकडे, प्रोटेस्टंट दुसरीकडे. त्यावरून पुढे लढाया झाल्या, माणसं मारली गेली. रॉजरची आजी फ्रान्समध्ये राहायची. पहिल्या महायुद्धात तिने निर्वासितांना घरात घेतलं होतं. ख्रिस्ती माणसं एकमेकांना मारत सुटली आहेत, निदान त्यांनी तरी आपसात समेट करावा, असं तिला वाटे. ती स्वतः प्रोटेस्टंट, पण त्यासाठी ती कॅथलिक चर्चमध्येही जाऊ लागली. आजीची ही गोष्ट नातवाच्या मनात रुतून बसली.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४० साली जर्मनीने फ्रान्सचा पराभव केला आणि देशाचे दोन भाग पडले. एकात जर्मन फौजा, दुसऱ्यात नाहीत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षांचा रॉजर जिनिव्हाहून सायकलने निघाला आणि घर शोधत शोधत तेझेला पोचला. टेकडीवरचं अगदी लहान गाव, ओस पडत चाललेलं. गावातल्या एका म्हातारीने त्याला जेवू घातलं आणि इथेच राहा, आम्ही फार एकटे पडलो आहोत, असं सांगितलं. ही आठवण ते पुढे नेहमी सांगत. त्यांनी तिथे घर विकत घेतलं.

ही जागा दोन भागांमधल्या सीमारेषेपासून जवळच होती. जीव वाचवण्यासाठी पळणारे लोक त्या घरी येऊ लागले. त्यात ज्यू होते, तसेच कुठलाच धर्म न मानणारेही होते. रॉजरची बहीण जेनेव्हिएव्ह मदतीला आली. घरात पाण्याचा नळ नव्हता, पिण्याचं पाणी गावच्या विहिरीवरून आणायचं. जेवायला बहुतेक वेळा मक्याच्या पिठाची पेज, कारण शेजारच्या गिरणीत ते पीठ स्वस्त मिळे.

आता एक गंमत बघा. रॉजर एवढे देवभक्त, पण प्रार्थना म्हणायला ते घरापासून लांब, रानात जात. का? तर आश्रयाला आलेल्या ज्यू माणसाला असं वाटू नये, की ज्याच्या घरी जेवतो त्याच्या देवापुढे आपणही हात जोडले पाहिजेत. (मला विचाराल तर रॉजरच्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत आवडते.)

१९४२ मध्ये जर्मन पोलिसांना या घराचा सुगावा लागला. रॉजर तेव्हा जिनिव्हाला होते म्हणून वाचले. १९४४ मध्ये ते परत आले. युद्ध संपलं तेव्हा आता पाळी उलटली होती. जवळच्याच छावण्यांमध्ये जर्मन सैनिक कैदी होते. ज्यांनी देश तुडवला, ज्यांच्यापायी घराघरांतली माणसं गेली, त्यांच्यावर लोकांचा राग असणारच! रॉजर आणि त्यांच्या सोबत्यांनी काय केलं? परवानगी काढली आणि दर रविवारी या कैद्यांना घरी बोलावून, असेल त्यातलं खाऊ घातलं. आदल्या दिवसांत जर्मनांपासून लपवलेली माणसं ज्या घरात होती, त्याच घरात.

हळूहळू सोबती वाढले. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनी जन्मभराचं व्रत घेतलं. लग्न करायचं नाही, सगळं सामाईक, साधं राहायचं. हाच तेझेचा मठ. सुरुवातीला सगळे प्रोटेस्टंट होते, १९६९ पासून कॅथलिकही येऊ लागले. आज तिथले ब्रदर सुमारे तीस देशांतले आहेत. मठ कुणाकडून देणगी घेत नाही. एखाद्या ब्रदरला घरचा वारसा मिळाला तर तोही मठ ठेवून घेत नाही. मातीची भांडी बनवणं, पुस्तकं छापणं अशा कामांवर त्यांचं पोट चालतं.

आता चर्च. गावातलं जुनं दगडी चर्च इवलंसं, ते अपुरं पडायला लागलं. तेव्हा ते बांधायला कोण पुढे आलं असेल? जर्मन तरुण! जर्मनीत १९५८ साली एक संस्था निघाली होती. तिच्या नावाचा अर्थ होतो 'प्रायश्चित्ताची खूण'. ज्या ज्या देशांचं जर्मनीने नुकसान केलं, तिथे जाऊन आपल्या हातांनी काही बांधून द्यायचं, हे तिचं काम. तेझेचं चर्च या मुलांनी बांधलं, आराखडा एका ब्रदरने काढला. ६ ऑगस्ट १९६२ ला ते खुलं झालं. नाव ठेवलं 'समेटाचं चर्च'. एवढी मोठी इमारत ब्रदर रॉजरना मात्र मनातून पटत नव्हती.

आणि नऊ वर्षांत ती लहान पडली! युरोपभरातली तरुण मुलं लोटायला लागली. ईस्टरला इतके जण आले, की भिंत ठेवायची की मुलं बाहेर ठेवायची, असा प्रश्न आला. भिंत गेली. तंबूच्या जागी पुढे लाकडी दालनं उभी राहिली. त्यांच्या मधे सरकते पडदे आहेत, गर्दी बघून उघडायचे, मिटायचे.

आत गेलात तर बाकांच्या रांगा दिसणार नाहीत. वसईतलं किंवा गोव्यातलं चर्च तुम्ही पाहिलं असेल, तिथे बाक असतात. इथे सगळे जमिनीवर बसतात. आपल्याला त्यात काय नवल! पण तिकडच्या मुलांना आधी पाय कुठे ठेवावेत तेच कळत नाही. मधोमध पांढऱ्या झग्यातले ब्रदर, मठप्रमुखांच्या शेजारी लहान मुलं. दिवसातून तीनदा घंटा वाजतात आणि हातातलं काम टाकून सगळे येतात. गाणी एक-दोन ओळींचीच, पण आपण भजनात धृपद घोळवतो तशी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या भाषांत. मग आठ-दहा मिनिटं कुणी बोलत नाही. शेकडो मुलं एकदम गप्प! वर्गात हे कधी जमलंय?

उन्हाळ्यात आठवड्याला काही हजार मुलं येतात, बहुतेक तुमच्या ताई-दादाच्या वयाची. तंबूत किंवा साध्या खोल्यांत राहतात. जेवायला वाडगा आणि चमचा, बस्स. भांडी घासणं, संडास धुणं हीसुद्धा मुलांचीच कामं, आणि ती गात गात चालतात.

तेझेच्या वाटा भारतातही आल्या. १९७६ साली ब्रदर रॉजर कोलकात्याला येऊन झोपडपट्टीत राहिले, मदर तेरेसांना भेटले. १९८५ च्या अखेरीस मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, तरुणांचा मोठा मेळावा झाला.

१६ ऑगस्ट २००५. संध्याकाळची प्रार्थना चालू होती, चर्चमध्ये सुमारे अडीच हजार माणसं होती. मानसिक आजार असलेल्या एका बाईने ब्रदर रॉजरवर चाकूने वार केले. ते नव्वद वर्षांचे होते. तिथेच ते गेले. आठवड्याभराने त्यांच्या अंत्यविधीत त्यांच्या जागी आलेले ब्रदर अलोइस यांनी त्या बाईला क्षमा मिळावी म्हणून सर्वांसमोर प्रार्थना केली. ब्रदर अलोइस जर्मन आहेत. २०२३ च्या डिसेंबरपासून ती जबाबदारी ब्रदर मॅथ्यू या इंग्लंडच्या अँग्लिकन ब्रदरकडे आहे.

निर्वासित आजही त्या टेकडीवर येतात. २०१५ मध्ये सुदान आणि अफगाणिस्तानातले तरुण आले, २०२२ मध्ये युक्रेनमधली कुटुंबं. मोठ्या चर्चपासून थोडं खाली गेलं, की गावातलं ते जुनं इवलंसं चर्च लागतं. त्याच्या बाहेर ब्रदर रॉजरची कबर आहे. संगमरवर नाही, पुतळा नाही. एक साधा लाकडी क्रॉस.