पावलांची चाहूल आणि गिटारची धार

12 सप्टेंबर 2008 रोजी ‘मेटॅलिका’ या मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम बाजारात आला आणि त्यातली गाणी ‘गिटार हीरो 3’ या व्हिडिओ गेममध्येही वाजू लागली. थोड्याच दिवसांत चाहत्यांना चमत्कारिक वाटावी अशी गोष्ट लक्षात आली. विकत घेतलेल्या सीडीपेक्षा गेममधली गाणी कानाला जास्त चांगली लागत होती. सीडीवर ड्रम, झांजा, गिटार, गळा सगळं एकाच पातळीला चेपून बसवलेलं होतं आणि जोरकस जागी आवाज फाटत होता. गेममध्ये मात्र ड्रमचा ठोका सुटा, ताजा, नेमका येत होता.

कारण तांत्रिक होतं. या गेममध्ये खेळणाऱ्याचा सूर चुकला की तेवढंच वाद्य गप्प व्हावं लागतं. त्यासाठी प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा पुरवावा लागतो. हे सुटे ट्रॅक अखेरच्या टप्प्यावर आवाज दाबून मोठा करण्याच्या प्रक्रियेतून गेलेले नव्हते. चाहत्यांनी दोन्हींच्या ध्वनिलहरींचे आलेख शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा फरक डोळ्यांनाही दिसला. अल्बम नव्याने मिक्स करावा या मागणीवर हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनीही सांगून टाकलं की, गाणी त्यांच्या हाती आली तेव्हाच चेपलेली होती.

गेम आणि मेटल इथे असे एकत्र आले, तरी दुकानात ‘गेमिंग’चे हेडफोन एका फळीवर आणि ‘म्युझिक’चे दुसऱ्या फळीवर मांडलेले असतात. गेमिंगच्या फळीवर रंगीत दिवे, 7.1 सराउंड आणि छातीत धडधडणाऱ्या बासचं आश्वासन मिळतं. संध्याकाळी ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणारी आणि रात्री ‘स्लेयर’चं मेटल ऐकणारी व्यक्ती एकच असते आणि तिचे कानही तेच असतात. या दोन छंदांच्या गरजा वरवर वेगळ्या दिसल्या, तरी कानाच्या आत त्या एकाच जागी येऊन मिळतात.

आधी गेम घेऊ. भिंतीपलीकडे कोणी चालतंय, ते डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे, हे ओळखण्यावर इथे जगणं-मरणं ठरतं. डाव्या-उजव्याचं कोडं ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907मध्ये उलगडलं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि मोठा ऐकू येतो, डाव्याला किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा क्षीण. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे आवाज अगदी बाजूने आला तरी दोन कानांतला फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त नसतो. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ठरवतो आणि समोरच्या आवाजाच्या बाबतीत साधारण एका अंशाचा बदलही ओळखतो.

पुढचं आणि मागचं ओळखणं याहून अवघड. नाकासमोरचा आणि पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने पोचतो. तिथे कामी येतात बाह्य कानाच्या वळ्या. आवाज कुठून येतो त्यानुसार त्या वरच्या पट्टीतले काही स्वर उठवतात, काही खाली बसवतात आणि मेंदूने लहानपणापासून हे ठसे पाठ केलेले असतात. गेम बनवणारे हेच ठसे गणिताने आवाजावर उमटवतात. या तंत्राला एचआरटीएफ म्हणतात. ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये ते 2017 साली आलं. त्याला लागतात फक्त दोन चांगले ड्रायव्हर, म्हणजे हेडफोनमधले छोटे स्पीकर, डाव्या कानाला एक आणि उजव्याला एक. खोक्यावर 7.1 लिहिलेलं असलं तरी बहुतेक हेडसेटमध्येही तेवढेच असतात, बाकीचे पाच-सहा स्पीकर सॉफ्टवेअरमधले. गेमचं एचआरटीएफ चालू असताना हेडसेटचंही सराउंड लावलं तर एका ठशावर दुसरा ठसा बसतो आणि दिशा पुसट होते. दोन्हींतलं एकच चालू ठेवावं, शक्यतो गेममधलं.

आता मेटल. या संगीताचा जन्म बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या परिसरातला. ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबणारी बोटं नेमकी हीच. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या बनवल्या, पुढे तारा सैल लावायला सुरुवात केली. 1971च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवलेली आहे. सर्वांत जाड तार 82 हर्ट्झऐवजी 69 हर्ट्झवर थरथरते. ही उतरण पुढे थांबलीच नाही. स्वीडनच्या ‘मेशुगा’ने आठ तारांची गिटार घेऊन 44 हर्ट्झच्या आसपास मजल मारली, म्हणजे बास गिटारच्या अंगणात.

या खर्जातल्या तारेवर डिस्टॉर्शन चढवलं की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेच्या उपस्वरांची रांग उभी राहते. गिटारची धार, तिचा करवतीसारखा दात या उपस्वरांत असतो, एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. ड्रमचंही तसंच. डबल बास ड्रम मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत, मात्रेला चार ठोके असा वाजला तर सेकंदाला तेरा ठोके होतात, दोन ठोक्यांत जेमतेम 75 मिलिसेकंद. पहिल्या ठोक्याचा घुमारा हेडफोनच्या कपात रेंगाळला तर दुसरा त्यातच मिसळतो आणि तोफखान्याऐवजी नुसती गुरगुर उरते. म्हणून मेटलचे ड्रमर आणि ध्वनिमुद्रक ठोक्याच्या टोकाला ‘टक्’ असा टोकदार आवाज मुद्दाम राखतात. तो तीन हजार हर्ट्झच्या वर असतो आणि कान त्याच्यावरच ठोके मोजतो.

दोन्ही वाटा जिथे भेटतात ती जागा 1924मध्ये सापडली. अमेरिकेत टेलिफोनच्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्या वेगेल आणि लेन या संशोधकांना आढळलं की, मोठा खर्जातला आवाज त्याच्याहून उंच स्वरांना झाकून टाकतो, पण मोठा उंच स्वर खर्जाला सहसा तितका झाकत नाही. असं का होतं, याचं उत्तर शंखासारख्या अंतःकर्णात आहे. जॉर्ज फॉन बेकेशी यांनी दाखवलं की, ध्वनी आत शिरला की तिथल्या पडद्यावरून लाट धावते. उंच स्वराची लाट तोंडाशीच शिखर गाठून विरते, खर्जाची लाट शेवटच्या टोकापर्यंत जाते. या कामाला 1961चं नोबेल मिळालं. खर्जाला आपल्या मुक्कामी पोचायचं तर उंच स्वरांच्या सगळ्या इलाख्यातून जावं लागतं. लाट मोठी असेल तर जाता जाता ती तो इलाखा हलवून सोडते आणि तिथले बारीक आवाज हरवतात.

गेमिंगच्या नावावर विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त हेडसेटमध्ये बास याच कारणाने नडतो. स्फोट दणदणीत वाटावा म्हणून खर्ज फुगवलेला असतो आणि त्या दणक्याखाली लोखंडी जिन्यावरचा टणका, वाळूवरची खरखर, बंदुकीत गोळ्या भरल्याचा खटका दबून जातो. तोच फुगवटा मेटलमध्ये गिटारची धार आणि ड्रमचा ‘टक्’ गिळतो. उलट बास पुरेसा खोल पण आवरलेला, मधली पट्टी मोकळी आणि डाव्या-उजव्या ड्रायव्हरचा आवाज काटेकोर जुळलेला असेल, तर तो हेडफोन दोन्ही कामांना पुरतो. दोन्ही ड्रायव्हर जुळले नाहीत तर समोरचा शत्रू थोडा बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

मागचा भाग बंद की उघडा, हा पुढचा प्रश्न. ‘झेनहायझर’ने 1968मध्ये एचडी 414 हा पहिला ओपन-बॅक हेडफोन आणला. मागची जाळी उघडी असल्याने आवाज कपात आदळून परतत नाही, घुमारा कमी होतो आणि आवाज डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो. त्याच घराण्यातला एचडी 560एस किंवा ‘बायरडायनॅमिक’चा डीटी 990 गेमर लोकांच्या आवडीचे आहेत ते यामुळे. डीटी 990ची वरची पट्टी मात्र तीक्ष्ण आहे. पावलं लख्ख ऐकू येतात, पण तासभर झांजा ऐकल्यावर कान शिणतात. मेटल जास्त आणि गेम कमी असेल तर तो टाळावा किंवा इक्वलायझरने आठ हजार हर्ट्झच्या आसपास थोडा उतरवून घ्यावा.

ओपन-बॅकला शांत खोली लागते. गरगरणारा पंखा, खिडकीखालचे हॉर्न, पलीकडच्या खोलीतला टीव्ही हे सगळं आपल्या घरांत असतंच आणि जाळीतून ते थेट आत येतं. शेजारी झोपलेल्यालाही आपली गाणी ऐकू जातात. अशा घरात ‘ऑडिओ-टेक्निका’च्या एटीएच-एम50एक्ससारखा क्लोज्ड-बॅक बरा. त्याची अडचण म्हणजे एप्रिल-मेच्या उकाड्यात रेक्झिनच्या गाद्यांखाली साचणारा घाम. चष्मा वापरणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. काडीमुळे गादी आणि गाल यांच्यात फट पडली की बास त्या फटीतून निसटतो. हेडफोन घातल्यावर गादी कानामागे बोटाने हलकेच दाबून पाहावी. बास एकदम वाढला तर फट आहे असं समजावं. जाड, मऊ गादी आणि बारीक काडी असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

ओहमचा आकडाही बघावा. डीटी 990ची 250 ओहमची आवृत्ती फोनला थेट जोडली तर आवाज बारीक येतो, तिला छोटा ॲम्प्लिफायर लागतो. 32 ते 80 ओहमचे हेडफोन सहसा लॅपटॉपवरही मोकळेपणाने वाजतात. गेमसाठी साधं ब्लूटूथ नको. नेहमीच्या कोडेकमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो, शिवाय हेडसेटचा माइक सुरू केला की बहुतेक वेळा स्टिरिओ जाऊन टेलिफोनसारखा आवाज उरतो. वायर किंवा यूएसबी डोंगलचा वायरलेस घ्यावा आणि चांगला हेडफोन माइकविना मिळत असेल तर कॉलरला लावायचा माइक वेगळा घ्यावा.

दुकानात पारखताना सोबत न्यायला ‘स्लेयर’चा 1986चा ‘रेन इन ब्लड’ उत्तम. त्यात कृत्रिम घुमारा जवळपास नाही, प्रत्येक ठोका कोरडा आणि उघडा आहे. हेडफोनमध्ये घुमारा आला तर तो हेडफोनचा. मेटॅलिकाचा 1988चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ मात्र या कामाला नेऊ नये. त्यात जेसन न्यूस्टेडचा बास मिक्समध्येच जवळपास नाहीसा केला होता, तो कुठल्याही हेडफोनमधून परत येणार नाही.

आवाजाच्या पातळीबाबत दोन्ही छंदांचा धोका वेगवेगळ्या रीतीचा आहे. मेटलमध्ये आवाज सतत वर असतो. गेममध्ये खेळणारा अस्पष्ट पावलं ऐकू यावीत म्हणून व्हॉल्यूम वाढवतो आणि मग बंदुकीचा बार त्याच व्हॉल्यूमवर कानावर आदळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4. व्हिडिओ गेम आणि श्रवणहानी यांचा संबंध तपासणाऱ्या 14 अभ्यासांचा आढावा ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ने जानेवारी 2024मध्ये छापला. त्या अभ्यासांत नऊ देशांतले पन्नास हजारांहून अधिक लोक होते आणि बऱ्याच गेमरच्या कानी पडणारा आवाज सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा वर असल्याचं दिसलं. बऱ्याच गेमच्या सेटिंग्जमध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ असा पर्याय असतो. तो लावला की पावलं थोडी वर येतात, स्फोट खाली बसतात आणि मुख्य व्हॉल्यूम दोन घरं कमी ठेवूनही खेळता येतं. गाण्यांकडे वळताना असाच पर्याय प्लेअरमध्ये किंवा हेडसेटच्या ॲपमध्ये चालू राहिलेला नाही ना, एवढं पाहावं, नाहीतर चांगलं ध्वनिमुद्रणही ‘डेथ मॅग्नेटिक’च्या सीडीसारखं चेपलेलं ऐकू येईल.